चिंगीच्या नोंदी : जखमी हरणाच्या मागावर कुत्री तयार करताना

१४ मार्च

चिंगी घरी आली. खरखरीत केसांची डॅशहुंड, दहा आठवड्यांची. आई-बाप दोघंही मागावर काम करणारे, एवढं बघून घेतली. रंग, कान, वंशावळीतली बक्षिसं यांत शिरलो नाही.

प्रकल्प असा की गोळी लागून निसटलेलं हरीण हिच्या नाकाच्या जोरावर शोधता यावं, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, म्हणून मराठीत या कामाबद्दल फारसं वाचायला मिळत नाही. जिथे परवान्यावर हरणांची शिकार चालते तिथे मात्र मागाचं कुत्रं हा त्या व्यवस्थेचाच भाग असतो. जर्मनीत हॅनोव्हरियन हाउंड या जातीसाठी १८९४पासून स्वतंत्र संस्था आहे, आणि त्या जातीकडून जखमी जनावराचा माग काढण्यापलीकडे दुसरं काही करून घ्यायचं नाही असा तिथला दंडक.

मी छोटं कुत्रं घेतलं ते विचार करून. पाय आखूड, त्यामुळे नाक आपोआप जमिनीजवळ. वेग माणसाच्या चालीचा. दाट झुडपातून मला ओढून नेलं तरी माझे गुडघे शाबूत राहतील. तोटाही ठाऊक आहे: जखमी हरीण उठून पळालं तर चिंगी त्याला गाठून थोपवू शकणार नाही. त्यासाठी लांब पायांचं कुत्रं लागतं.

२३ मार्च

कलेजीचा तुकडा सुतळीला बांधून गवतातून थोडं अंतर ओढत नेला. शेवटी हरणाच्या कातड्याचा तुकडा. वारा सुरुवातीपासून शेवटाकडे वाहील अशी दिशा धरली. वारा समोरून आला तर पिल्लू नाक वर करून थेट शेवटाकडे धावतं आणि जमीन हुंगायची गरजच त्याला कळत नाही. ही सवय एकदा जडली की सुटता सुटत नाही, असं काका म्हणतात. काका म्हणजे ज्यांच्याकडून मी दोरी धरायला शिकलो ते. त्यांचं अर्धं आयुष्य मोठ्या हाउंडांच्या मागे चालण्यात गेलंय.

चिंगीने आधी माझ्या बुटाची नाडी चावली. मग नाक टेकलं आणि एकदम गप्प झाली. नुसतं 'फुस फुस' ऐकू येत होतं. वाटेत दोनदा माग सोडून फुलपाखराकडे गेली, परत आली. कातडं सापडल्यावर ते तोंडात धरून अशी झटकली की स्वतःच कोलमडली. हिसकावून घेतलं नाही. शेवटी जे सापडेल ते तिचं, हा तिच्या डोक्यातला हिशेब पक्का व्हायला हवा.

६ एप्रिल

सरावाच्या मागासाठी रक्ताची तयारी. ताजं रक्त काठीने सतत ढवळत राहिलं की त्यातले गोठणारे धागे काठीला गुंडाळले जातात आणि उरलेलं पातळ राहतं. ते छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये. बाटल्यांवर ठळक अक्षरांत 'चिंगी' लिहायचं, हे घरातल्या एका छोट्या गोंधळानंतर ठरलं.

टाकायची पद्धत: काठीच्या टोकाला स्पंजचा तुकडा, तो रक्तात बुडवून एक-दोन पावलांवर जमिनीला टेकवायचा. पिचकारीच्या बाटलीने थेंब टाकणारेही आहेत, पण हात चालता चालता मोकळा सुटतो आणि रक्त जास्त पडतं. स्पंजने कंजुषी जमते, आणि पुढे तीच उपयोगाची.

२० एप्रिल

आज एक तपासणी. गेल्या आठवड्यांत चिंगी रक्ताचे माग इतके सफाईने काढत होती की मला शंका यायला लागली. म्हणून मोकळ्या रानातून नुसता चालून आलो. रक्त नाही, कातडं नाही, खिशात काही नाही. तासाभराने तिला तिथे नेलं आणि 'शोध' म्हटलं. वळणावळणासकट ती थेट शेवटपर्यंत गेली.

म्हणजे इतके दिवस ती माझाच माग काढत होती. रक्त तिच्या दृष्टीने वाटेवरची सजावट. यात तिचं काही चुकलं नाही. प्रत्येक मागावर दोन वास होते, माझा आणि रक्ताचा. माझा सलग, रक्ताचा तुटक. कोणीही सलग धागाच धरेल.

उपाय तीन. एक, माग दर वेळी वेगळ्या माणसाने टाकायचा. दोन, तो शिळा होऊ द्यायचा, कारण माणसाचा वरवरचा वास आधी विरतो आणि जमिनीत दबलेलं जास्त टिकतं. तीन, मागात असं काहीतरी सलग घालायचं जे हरणाचंच असेल. तिसऱ्यासाठी खुरांचे बूट, म्हणजे हरणाचे खूर बसवलेले बूट, लागतील.

११ मे

खुरांचे बूट आले. चपलेसारखा जाड तळ, वर बुटाला आवळायचे पट्टे, आणि टाचेकडे एक पकड, जिच्यात हरणाचा कापलेला पाय स्क्रूने घट्ट बसतो. पाऊल टाकलं की माझ्या वजनाने खूर जमिनीत रुततो. पहिल्यांदा घालून चाललो तेव्हा मुलगी हसून लोळली, कारण टाच उचलताना बदकासारखं चालावं लागतं.

बऱ्याच जातींच्या हरणांत खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात. पाऊल पडेल तिथे त्यांचा तेलकट, आंबूस वास राहतो. मी बोट घालून बघितलं: मेणासारखा पिवळट थर, जुन्या चीजच्या जवळ जाणारा वास, आणि साबणाने हात धुतल्यावरही संध्याकाळपर्यंत बोटाला होता. माणसाच्या नाकाला इतका वेळ, तर चिंगीला किती.

शिवाय हा वास एकेका जनावराचा असतो. मला तेच शिकवायचंय. 'हरीण शोध' हे तिला जन्मतःच येतं. रानात दहा हरणं हिंडत असताना त्यातल्या एकाच्याच पावलांना चिकटून राहा, ही तिच्या स्वभावाविरुद्धची गोष्ट आहे. म्हणून एका मागावर चारही पाय एकाच हरणाचे वापरायचे आणि शेवटी कातडंही त्याच हरणाचं ठेवायचं. पिशव्यांवर क्रमांक घातले. पाय गोठवून ठेवले तर पुन्हा वापरता येतात, पण प्रत्येक वेळी बर्फ वितळून वास थोडा बदलतो, म्हणून दोन-तीनदा वापरून टाकून द्यायचे.

रक्त आता निम्म्यावर आणलं.

८ जून

गरमी. दुपारी चार तासांचा, म्हणजे टाकून चार तास झालेला, माग घेतला तो फसला. गरमीत कुत्रं सारखं धापा टाकतं. हुंगायला नाक मोकळं राहत नाही. जीभ बाहेर लोंबत असताना माग निघत नाही, एवढं साधं आहे. आता पहाटे काम. दवाने ओली जमीन, वारा पडलेला, आणि रात्रभर मुरलेला माग. बारा तासांचा माग तिने पहाटे ज्या सहजतेने काढला तो दुपारच्या चार तासांच्या मागाहून सोपा दिसत होता.

हलक्या पावसाने काही बिघडत नाही, उलट मदतच होते. धो धो पाऊस आणि वरून कोरडं ऊन, दोन्ही वाईट. त्यातल्या त्यात कोरडी, तापलेली, उघडी जमीन सर्वांत वाईट.

२२ जून

सुट्टी. मागच्या आठवड्यात चिंगी सुरुवातीच्या जागेवर उभी राहून माझ्याकडे बघत बसली. आजारी नाही, कंटाळली आहे. या वयात आठवड्याला एक माग पुरे.

६ जुलै

साज ठरला. रुंद, मऊ छातीपट्टा आणि दहा मीटरची दोरी. दोरी म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेली गुळगुळीत पट्टी; ती चिखल धरत नाही, काटेरी झुडपातून सळसळत निघते आणि हाताला भाजतही नाही. टोकाला गाठ किंवा हातात धरायची कडी ठेवायची नाही, ती हमखास फांदीत अडकते. छातीपट्टा गाडीजवळ घालायचा नाही. सुरुवातीच्या जागेवर नेऊन, तिला दोन मिनिटं बसवून, मग घालायचा. आता तो हातात दिसला की ती फिरायला निघाल्यासारखी उड्या मारत नाही. गंभीर होते. खरंच गंभीर, कपाळाला आठ्या घालते.

दोरी धरण्याचं शिक्षण माझं. काकांचा नियम: दोरी नेहमी किंचित ताणलेली, पण ताण कुत्र्याचा असला पाहिजे, माझा नाही. मी थांबलो की तिला वाटतं ती चुकली. मी पुढे रेटलं की तिला वाटतं बरोबर आहे. म्हणजे मला शेवट कुठे आहे हे माहीत असेल तर दोरीतून ते तिला कळणारच, कितीही निर्विकार चेहरा ठेवला तरी. यापुढे मला न सांगता टाकलेलेच माग.

२० जुलै

मुलीने माग टाकला. काल संध्याकाळी बूट घालून एकटी गेली, फोनवर नकाशात रेघ नोंदवली आणि मला दाखवली नाही. खुणेच्या चिंध्या बांधायलाही मनाई केली होती, कारण कुत्री त्या डोळ्यांनी ओळखायला शिकतात.

सकाळी पंधरा तासांचा माग. सुरुवात उत्तम. पहिलं वळण चिंगीने कापलं नाही, नीट कोपरा करून वळली. पुढे ओढ्याच्या काठाने दोनेकशे मीटर ताण एकसारखा. मग एका पडलेल्या झाडाशी ती पुढे गेली आणि दोरी अचानक हलकी झाली. डोकं वर. शेपटी, जी आतापर्यंत खाली आणि स्थिर होती, ती वर येऊन थरथरायला लागली. माग संपल्याचं तिचं वाक्य ते.

मी मुलीकडे वळून बघितलं.

"बाबा, मला नको विचारू. मी काही बोलणार नाही."

"मी विचारलंच नाही."

"बघितलंस ना."

थांबलो. दोरी पूर्ण सोडली. चिंगीने उजवीकडे अर्धं वर्तुळ काढलं, परत झाडाशी आली. डावीकडे मोठं वर्तुळ, त्यात काही नाही. मग जे केलं ते मी तिला कधी शिकवलं नव्हतं: ज्या वाटेने आलो त्याच वाटेने मागे जायला लागली, हळू, नाक दोन्ही बाजूंना झुलवत. पंचवीस-तीस मीटर मागे आल्यावर एका नेचाच्या बेटाशी ती जागच्या जागी आडवी वळली आणि दोरीला असा झटका बसला की माझी टोपी पडली.

मुलीने मुद्दाम तसं केलं होतं. झाडापर्यंत जायचं, स्वतःच्या पावलांवरून उलट यायचं आणि एक लांब उडी मारून बाजूला निघायचं. जखमी हरणं ही हूल देतात, विशेषतः लोळण्याआधी, म्हणजे अंग टाकून पडण्याआधी. हे तिने कुठे वाचलं विचारलं तर म्हणाली, काकांनी फोनवर सांगितलं. दोघांचं परस्पर साटंलोटं आहे तर.

रक्त या मागावर चहाच्या कपाएवढंही नव्हतं. ओढ्यानंतर तर अजिबात नव्हतं, असं नकाशा बघताना कळलं. चिंगीच्या चालीत तिथे फरक दिसला नव्हता.

१७ ऑगस्ट

ताज्या हरणांचा प्रश्न. आज मागाला आडवा एक कळप पहाटेच गेला असावा, लेंड्या अजून ओल्या. चिंगी त्या वासात शिरली. ओळखायला वेळ लागला नाही: वेग दुप्पट, नाक गवताच्या शेंड्यांवर, शेपटी चक्रासारखी. मागावर असते तेव्हा ती कामावर असते; ताज्या वासावर असते तेव्हा मजेत असते. पाठीमागून बघताना हा फरक तिच्या मागच्या पायांतसुद्धा दिसतो.

ओरडायचं नाही, ओढायचं नाही. उभं राहायचं आणि दोरी धरून ठेवायची. दोरीच्या टोकाशी ती दोनदा कुईं कुईं करून गप्प झाली, मग आपणहून फिरून जुन्या मागाशी आली. तेव्हा कौतुक, आणि तेही हळू आवाजात. मोठ्याने शाबासकी दिली की ती काम सोडून माझ्याकडे येते.

७ सप्टेंबर

हंगाम तोंडावर. हे काम कुत्रीचं नाही, माझं. काकांकडे एक पत्र्याचा डबा आहे, त्यात पुठ्ठ्यांवर चिकटवलेले केस: पाठीचे, कुशीचे, पोटाचे, पायाचे. पाठीचे लांब आणि गडद, पोटाचे फिकट, पायाचे आखूड आणि बारीक. गोळी शिरते तिथले केस कापले जाऊन जमिनीवर पडतात. गोळी बसली त्या जागी गुडघे टेकून हे केस शोधायचे, आणि कुत्रीला तोपर्यंत दूर बांधून ठेवायचं.

रक्ताचा रंग बोलतो. फिकट, फेसाळ, बुडबुडे असलेलं फुप्फुसाचं. गडद, तपकिरीकडे झुकणारं यकृताचं. हिरवट कण आणि आंबलेला वास म्हणजे पोट. लालभडक आणि सुरुवातीला भरपूर, पुढे कमी होत जाणारं, ते बहुतेक नुसत्या मांसाचं. शिकारी फोनवर 'खूप रक्त आहे, जवळच पडलं असेल' म्हणतात ते सहसा या शेवटच्या प्रकाराबद्दल, आणि तेच हरीण सर्वांत लांब जातं.

उलट बाजूही आहे. गोळी वरून शिरली आणि पलीकडे बाहेर पडली नाही तर रक्त छातीच्या पोकळीतच साठतं, बाहेर थेंब येत नाही. कधी चरबीचा गोळा भोकात बसतो. पोटाच्या जखमेत आतडं भोकाशी येऊन ते बुजवतं. मेलेलं हरीण शंभर मीटरवर आणि वाटेत रक्ताचा मागमूस नाही, असं सर्रास घडतं. 'रक्त नाही म्हणजे चुकली' म्हणून माणसं घरी जातात.

गोळीनंतर मागावर निघण्याआधी थांबायचे तास असे. फुप्फुसाला अर्धा तास. यकृताला निदान चार. पोटाला आठ ते बारा, म्हणजे संध्याकाळची गोळी असेल तर सरळ दुसऱ्या सकाळी. पोटात लागलेलं हरीण त्याला कोणी छेडलं नाही तर काहीशे मीटरवर जाऊन लोळतं आणि तिथेच मरतं. छेडलं तर उठतं आणि मग कुठे जाईल सांगता येत नाही.

५ ऑक्टोबर

पहिलं खरं हरीण, पण सोपं. शिकाऱ्याला ते आधीच सापडलं होतं. माझ्या विनंतीवरून त्याने जागेवरच ठेवलं. फुप्फुसाला लागलेलं, भिंतीला रंग मारावा तसं दोन्ही बाजूंच्या पानांवर रक्त. चिंगीला गंमत वाटली. शेवटी कातड्याच्या तुकड्याऐवजी अख्खं हरीण बघून ती आधी मागे सरली, गुरगुरली, मग मानेकडचे केस उपटायला लागली. पाच मिनिटं करू दिलं. नवीन कुत्रीला अशी आयती हरणं जितकी मिळतील तितकी बरी.

१९ ऑक्टोबर

रात्री फोन आला. गोळीनंतर हरीण पाठीची कमान करून, पाय ओढत, हळू गेलं. एवढं ऐकून सांगितलं: आता कोणी रानात पाऊल टाकू नका, सकाळी येतो. शिकारी अस्वस्थ होता, रात्री पाऊस येईल म्हणाला. येऊ दे म्हटलं.

सकाळी गोळीच्या जागी फिकट केसांचा झुबका आणि बोटभर हिरवट चिकट पदार्थ. पाऊस रिमझिम पडून गेलेला. रक्त शून्य. शिकारी म्हणाला, यावर कुत्रं काय करणार? चिंगीला छातीपट्टा घातला. तिने त्या हिरवट डागाला एकदाच नाक लावलं आणि भोवतीची जमीन बराच वेळ हुंगत राहिली, जणू तिथे गर्दीतून एक ओळखीचा माणूस निवडायचा होता. मग निघाली.

सहाशे मीटरपर्यंत आम्हा माणसांना दिसेल असं काहीही नव्हतं. एकदा एका गवताच्या पात्यावर, गुडघ्याच्या उंचीला, नखाएवढा तपकिरी डाग दिसला. रक्त की कुजलेल्या पानाचा डाग हे कळेना. खिशातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा फवारा मारला. बारीक पांढरा फेस उठला. रक्त. शिकाऱ्याचा चेहरा तेव्हा बदलला. चिंगीने या सगळ्या प्रकाराकडे ढुंकूनही बघितलं नाही, दोरी ताणून उभी होती.

पुढे एक लोळण: दाबलेलं गवत, मध्ये ओलसर हिरवा डाग. तिथून हरीण उठून उताराने पाण्याकडे गेलं होतं. बोरूच्या दाटीत चिंगी शिरली आणि दोरी थांबली. आत गेलो तर ती हरणाच्या कुशीवर पुढचे दोन पाय ठेवून उभी. हरीण रात्रीच मेलं असावं, थंड झालं होतं.

शिकारी म्हणाला, रक्त नसताना हिला कळलं कसं? मी खुराची बेचकी उघडून त्याला हुंगायला दिली. नाक मुरडून तो दोन पावलं मागे गेला.

९ नोव्हेंबर

हे सापडलं नाही, आणि सापडायचं नव्हतं. गोळीबरोबर हरीण जागच्या जागी कोसळलं, शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवली, आणि मिनिटाभरात ते उठून पळालं. गोळीच्या जागी लांब, गडद, पाठीचे केस. गोळी पाठीच्या कण्यावरच्या हाडाच्या टोकाला घासून जाते तेव्हा धक्क्याने हरीण कोसळतं. शुद्ध आली की चालतं होतं. अशी बरीचशी जगतात.

तरी माग काढायचाच, कारण केसांवरून अंदाज होतो, खात्री होत नाही. चिंगीने दीड-दोन किलोमीटर नेलं. लोळण नाही. पावलं सरळ, समान अंतरावर. एका कुरणाच्या कडेला हरीण दुसऱ्या हरणांच्या पावलांत मिसळलं आणि त्यांच्याबरोबर चरतही होतं, कुरतडलेले कोंब ताजे होते. चिंगी अजून ओढत होती. मी तिला उचललं, जवळची कातडी दिली आणि थांबलो.

शिकाऱ्याला हे पटवणं अवघड. त्याला हरीण हवं होतं, आणि माझ्याकडे 'ते जिवंत आहे' एवढीच बातमी. तो नाराज होऊन गेला. पण हे उत्तर कुत्र्याशिवाय त्याला मिळालं नसतं. तो दोन दिवस त्या झुडपांत मेलेलं हरीण शोधत फिरला असता.

२३ नोव्हेंबर

पुढचा पाय मोडलेल्या हरणासाठी बोलावणं. नाही म्हटलं. हाडाचे लांबट, टोकदार तुकडे जागेवर होते, म्हणजे पायाचंच. असं हरीण तीन पायांवर मैलोन्‌मैल जातं, उठवलं की पळतं, आणि त्याला गाठायला मोकळं सोडलेलं मोठं कुत्रं लागतं. काकांचा हाउंड गेला. मी दोरी सांभाळायला सोबत गेलो, चिंगी गाडीत राहिली. कुत्रं मोकळं सोडायला परवानगी लागते ती काकांनी आधीच घेतली होती. बऱ्याच ठिकाणी कायदा फक्त दोरीवरच्या कुत्र्याला मुभा देतो. शेवटची गोळी काकांनी झाडली, एकट्याने, कुत्र्याच्या पलीकडे काय आहे ते बघून. बाकी सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या आणि पाठीवर. अशा वेळी तीन माणसं तीन बाजूंनी बंदूक रोखून धावतात तेव्हा हरणाआधी कुत्रं मरतं, हे त्यांनी तिथेही पुन्हा सांगितलं.

१८ जानेवारी

हंगाम संपला. फ्रीजर आवरला: जुने पाय फेकले, नवीन पाच संच क्रमांकासकट ठेवले, प्रत्येकासोबत त्याच हरणाचं कातडं.

पुढचं लक्ष्य जर्मन पद्धतीच्या परीक्षेचं माप. तिथे माग निदान एक हजार मीटरचा, वीस किंवा चाळीस तास मुरलेला. रक्ताच्या परीक्षेत एवढ्या अंतराला पाव लिटर रक्त. खुरांच्या बुटाच्या परीक्षेत त्याहून कमी, एक दशांश लिटर, म्हणजे हजार मीटरभर पसरलं की हाताला लागणारही नाही. मी रक्त आणखी खाली नेऊन बघणार आहे: गोळीच्या जागी चमचाभर आणि मधल्या एका लोळणीत दोन थेंब, बस. खऱ्या पोटाच्या जखमेत याहून जास्त कुठे असतं?

वीस तासांचा पहिला माग शनिवारी दुपारी टाकायचा. मुलीची परीक्षा आहे, म्हणून शेजारचा मुलगा बूट घालून चालेल. त्याचं वजन जास्त आहे, तेवढे खूर खोल रुततील, तो फरक वहीत नोंदवायचा. काकांनी त्याला आधीच फोन केलाय असं कळलं. म्हणजे उलटी पावलं नक्की असणार.